बंदुकांचं काय करू, सांग

प्रिय बंड्या,

सप्रेम नमस्कार. दिवाळीत तुझा फोन येऊन गेला, मी उलट केला नाही. शिव्या घालून घे, वहिनींच्या अपरोक्ष. तब्येत ठीक. साखर आहे तिथेच आहे, हिचे गुडघेही.

परवा पोरगी फोनवर म्हणाली, "बाबा, घरात बंदुका आहेत तोवर मी बाळाला घेऊन येणार नाही." चिडून म्हणाली असती तर मीही चिडलो असतो. शांतपणे म्हणाली. मी 'बरं' म्हणालो आणि फोन हिच्याकडे दिला.

तिचं चुकत नाही रे. इथे अमेरिकेत शाळेत गोळीबार झाला तर काय करायचं याचा सराव करून घेतात. दार लावायचं, दिवे घालवायचे, कोपऱ्यात गप्प बसायचं. ती त्या कोपऱ्यात बसून मोठी झाली. मला मात्र बंदूक म्हटलं की तुमचं माजघर आठवतं. खंडेनवमीला आजोबा ती ठासणीची खाली काढायचे, हळदकुंकू, झेंडू. नळीत फूल कोणी खोचायचं यावरून आपण एकमेकांचे शर्ट फाडले होते. (पाळी माझी होती. अजूनही म्हणतो.) निवडणूक लागली की आजोबा ती पोलीस ठाण्यात जमा करायला निघायचे, तेव्हाचा त्यांचा चेहरा लेक सासरी निघाल्यासारखा. हे इथे कोणाला सांगू?

तू म्हणशील, विकून मोकळा हो, चार पैसे मिळतील. तिथेच तर गंमत आहे. माझ्या सगळ्या विंचेस्टर कंपनीच्या 94, खटक्याखालचा दांडा (लिव्हर) ओढून गोळी भरायच्या रायफली, कशाच्या ना कशाच्या स्मरणार्थ काढलेल्या. 1964 मध्ये वायोमिंग राज्याच्या पंचाहत्तरीसाठी कंपनीने काढल्या फक्त 1500. मग चटक लागली. 1966 मध्ये स्वतःची शताब्दी, सोनेरी मुलामा, अष्टकोनी नळी, आणि नग लाखाच्या वर! लोकांनी नातवंडांना घबाड मिळेल म्हणून खोक्यासकट माळ्यावर टाकल्या. सगळ्यांनीच जपल्या, मग दुर्मीळ होणार कोणती? त्यात 1964 पासून कंपनीने खर्च वाचवायला बनावटच बदललेली, त्यामुळे जुने शौकीन नाकं मुरडतात ती वेगळीच. भाव हवा तर खोकं हवं, कागद हवेत, गोळी एकही झाडलेली नको. काही जण खटका ओढायचं सोड, लिव्हरसुद्धा हलवत नाहीत, मुलाम्यावर ओरखडा उठेल म्हणून. मी सगळ्या रेंजवर नेऊन वाजवल्या. नफ्याचा विषय तिथेच संपला. पण .30-30 मापाची गोळी झाडल्यावर लिव्हर खाली ओढताना जो आवाज येतो ना, त्याला भाव नाही.

त्यातली एक 1969 ची, 'गोल्डन स्पाइक', म्हणजे सोन्याचा खिळा. 1869 मध्ये इथल्या युटा भागात पूर्वेकडचे आणि पश्चिमेकडचे रेल्वेचे रूळ जोडले, त्याची शंभरी. सोनेरी अंगावर कोरीव काम, दस्त्यात पदक बसवलेलं. सत्तरेक हजार निघाल्या म्हणे, म्हणजे कवडीमोलच. पण दादांचा जन्म गार्डाच्या डब्यात गेला. ते असते तर हातात घेऊन आधी म्हणाले असते, "केवढ्याला पडली?" आणि मग तासभर सोडली नसती.

बंदुका तिजोरीत आहेत, गोळ्या घरातच नाहीत, हे पोरीला सांगितलं. तिने विचारलं, "तिजोरीची किल्ली कुठे असते?" मी गप्प. किल्ली देवघरात, समईच्या मागे. रांगत्या पोराचा हात पोचणार नाही, पण रांगणारं चालायलाही लागतंच की. ही म्हणते, एवढी माया त्या लोखंडावर, माझ्या शिलाई मशीनला कधी तेल घातलंत का?

बाकीच्या देऊन टाकीन म्हणतो, येईल त्या किमतीला. रेल्वेवालीवर येऊन अडतो. तिचा बोल्ट, म्हणजे नळीचं मागचं तोंड बंद करणारा तुकडा, काढून दुसरीकडे ठेवला तर ती नुसती शोभेची उरेल, नाही का? पण हे पोरीला पटेल का, की मीच मला पटवतोय?

तुझ्या कलमांना मोहोर कसा आहे? सूनबाईंची बदली झाली का? काड्यापेट्यांच्या छापांची वही अजून तुझ्याकडेच असणार, त्यातलं जहाज माझं आहे.

उत्तर पत्रानेच दे. फोन स्पीकरवर असतो, ही ऐकते.

तुझा,
दिन्या