तिजोरीतून एक पैसा जात नाही म्हणे!

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मागच्या रविवारी तुमच्या वाचकांच्या पानावर एका गृहस्थांचं पत्र होतं, की दक्षिण मुंबईतल्या जुन्या चाळींच्या रिडेव्हलपमेंटला सरकारने आता आणखी सवलती देऊ नयेत, चाळीस रुपये भाडं भरणाऱ्यांना करोडोंची घरं फुकट कशाला. आणि त्याच्याच खाली दुसऱ्या एकांचं, की सवलती दिल्याच पाहिजेत नाहीतर एक बिल्डर इकडे फिरकणार नाही, आणि तसंही सरकारच्या तिजोरीतून एक पैसा जात नाही. दोन्ही पत्रं दोनदा वाचली. कारण गिरगावातलं आमचं घर आम्ही २०१४च्या मे महिन्यात रिकामं करून दिलं, तीन वर्षांत नवीन घर म्हणाले होते, त्याला आता बारा वर्षं होत आली आणि मी हे पत्र डोंबिवलीच्या चौथ्या भाड्याच्या घरातून लिहितेय.

आधी चाळीस रुपयांचं. खरं आहे, लपवायचं काय त्यात. आमचं अडतीस होतं आणि वर रिपेअर बोर्डाचा, म्हणजे जुन्या इमारतींच्या सरकारी दुरुस्ती मंडळाचा, सेस म्हणजे दुरुस्तीचा कर, तो भाड्यापेक्षा जास्त. १९४७च्या भाडेकायद्याने भाडी १९४०च्या पातळीला गोठवली ती पिढ्यान् पिढ्या तशीच राहिली, मग २०००पासून नव्या कायद्याने वर्षाला ४ टक्के वाढ दिली, पण अडतीसचे चार टक्के म्हणजे दीड रुपया, त्यात मालक जिन्याची एक फळी तरी बदलेल का? म्हणजे मालकाच्या खिशातून आम्हाला सबसिडी मिळाली हे मी मान्य करते, आणि मालकाने मग बिल्डिंगला हात लावणं सोडून दिलं तेही समजू शकते. पण फुकटे नका म्हणू हो. माझ्या सासऱ्यांनी १९६३ साली त्या दोन खोल्यांसाठी पागडी मोजली होती, सासूबाईंच्या पाटल्या मोडून. पावती अर्थातच नाही, तेव्हा पागडी घेणं बेकायदा होतं, नवीन कायद्याने ती मान्य केली तोवर पाटल्या घेणारा गेला होता, आणि आता देणारीही.

आमची चाळ तळमजला अधिक तीन, लाकडी जिना, पुढे लांब गॅलरी. २००५च्या पावसानंतर बोर्डाने गॅलरीला टेकू लावले, म्हणजे सागाचे नाही हं, कसले तरी वासे, तात्पुरते म्हणून, ते नऊ वर्षं तिथेच होते आणि वाडीतली पोरं त्यांचा स्टंप करायची. बोर्डाचं असंच असतं. १९६९च्या कायद्याने हे दुरुस्ती मंडळ आलं तेव्हा १९ हजार ६४२ इमारती सेसच्या यादीत होत्या, आज त्यातल्या तेरा-चौदा हजार तरी अजून उभ्या आहेत, उभ्या म्हणजे टेकूवर. ३१ ऑगस्ट २०१७ला भेंडीबाजारची हुसैनी बिल्डिंग पडली त्यात ३३ माणसं गेली. २०२०च्या जुलैत फोर्टमधली भानुशाली पडली. म्हणून "काही करू नका, बाजार बघून घेईल" हे मला पटत नाही, बाजार बघेपर्यंत स्लॅब डोक्यात येतो.

पण माझं डोकं खरं फिरलं ते दुसऱ्या पत्राने. तिजोरीतून एक पैसा जात नाही! अहो मग बिल्डरला मिळतं ते काय? सरकार नोटा देत नाही, मजले देतं. मुंबईच्या बांधकाम नियमांतल्या ३३(७) खाली जुन्या भाडेकरूला निदान ३०० स्क्वेअर फूट कार्पेट फुकट बांधून द्यायचं आणि त्याला जेवढं बांधकाम लागेल त्याच्या ५० टक्के जास्तीचं बांधून बिल्डरने बाजारात विकायचं, दोन ते पाच प्लॉट एकत्र आणले तर ६० टक्के, त्याहून जास्त असतील तर ७०, नाहीतर सरसकट ३ एफएसआय, म्हणजे प्लॉटच्या तिप्पट बांधकाम, जे जास्त भरेल ते. क्लस्टर केलं, म्हणजे शहर भागात ४००० चौरस मीटर जमवलेत, तर ३३(९) मध्ये ४. त्यावर फंजिबल नावाचा जादा एफएसआय ३५ टक्के वेगळा, जुन्यांच्या घरांपुरता फुकट आणि विक्रीच्या मजल्यांना प्रीमियम म्हणजे फी भरून. आता गिरगावात समुद्र दिसणारा एक जास्तीचा मजला काय भावाने जातो ते कुठल्याही एजंटला विचारा, आणि मग सांगा की हे काही दिलंच नाही. आणि त्या मजल्यांवरच्या लोकांना पाणी कोण देणार, त्यांचं मैलापाणी कुठल्या पाइपातून जाणार? आमच्या गल्लीत दोन टॅक्सी समोरासमोर आल्या तर एकीला रिव्हर्स घ्यावा लागायचा, तिथे आता एका टॉवरला सात मजले नुसतं पार्किंग आहे, तेवढ्या गाड्या सकाळी नऊला बाहेर पडल्या की काय होतं ते येऊन बघा. तो खर्च पालिकेचा, म्हणजे तुमचा-माझा. मी डोंबिवलीत राहते म्हणजे माझा नाही असं समजा हवं तर.

आणि रोख सवलतही दिलीय की. कोविडमध्ये स्टॅम्प ड्युटी ५ वरून २ टक्क्यांवर आणली, सप्टेंबर ते डिसेंबर २०२०, मग मार्चपर्यंत ३. त्यानंतर २०२१ मध्ये बिल्डरांना प्रीमियम निम्मे केले, वर्षअखेरपर्यंत, अट एवढीच की ग्राहकाची स्टॅम्प ड्युटी बिल्डरने भरायची. बघा ना, सवलतीला अट घालता येते हे सरकारला नीट माहीत आहे, नवीन फ्लॅट घेणाऱ्याची आठवण बरोबर आली. मग त्याच कागदावर आणखी एक ओळ का नाही लिहिता आली, की ज्याच्याकडे जुन्या भाडेकरूंचं भाडं थकलंय त्याला ही सूट नाही? तेव्हा आमचं भाडं थकून दोन वर्षं झाली होती.

बंद गिरण्यांच्या जमिनींचं आठवतं ना. १९९१च्या नियमात सरळ हिशोब होता, तिसरा हिस्सा शहराला मोकळी जागा, तिसरा हिस्सा घरांसाठी म्हाडाला आणि उरलेला मालकाला. २००१ मध्ये बदल केला की वाटणी फक्त मोकळ्या जमिनीची, शेड उभ्या आहेत ती जमीन धरायचीच नाही. आता गिरणी म्हणजे शेडच की, मोकळी जमीन असून असून किती असणार. हायकोर्टाने २००५ ला अडवलं, २००६च्या मार्चमध्ये सुप्रीम कोर्टाने सरकारचा बदल उचलून धरला आणि मिटलं. तिजोरीतून तेव्हाही एक पैसा गेला नव्हता!

तर मग द्यायचंच नाही का? नाही, मी द्या म्हणणाऱ्यांतली आहे. आमच्यासारखा प्लॉट म्हणजे इनमीन चारशे मीटर, रुंदी कमी, बाजूची मोकळी जागा सोडायला गेलं तर मधे खोकं उरतं, फायर ब्रिगेडची गाडी फिरायला जागा नाही, त्यात चोवीस बिऱ्हाडं नि खाली चार दुकानं, दुकानवाले तर शेवटपर्यंत हलत नाहीत आणि त्यांचंही बरोबर आहे, धंदा त्या नाक्यावरच आहे. हे सगळं फुकट बांधून वर नफा काढायचा तर जास्तीचे मजले लागणारच. भेंडीबाजार घ्या, साडेसोळा एकर, अडीचशेच्या आसपास इमारती, ३२०० कुटुंबं, आणि करणारा नफ्यासाठी न करणारा ट्रस्ट, तरी २००९ ला सुरू झालेलं काम दहा वर्षांत आटपलं नाही, आणि पडली ती हुसैनी त्याच योजनेतली. जिथे जमिनीला भाव नाही तिथे तर हे मजल्यांचं गाजरही चालत नाही, आणि पुण्यात शनिवारवाड्याच्या १०० मीटरच्या आत नवीन बांधकामालाच बंदी, तिथल्या वाड्यांनी काय करायचं हा वेगळाच विषय, त्याच्यावर पुण्याचं कोणीतरी लिहा.

माझं म्हणणं वेगळं आहे. मी एकतीस वर्षं बँकेत काढली, शेवटची नऊ होम लोनच्या टेबलावर. तीस लाखांचं कर्ज मंजूर झालं म्हणून तीस लाख एकदम कोणाच्या हातात दिलेत असं मी एकदाही केलं नाही. प्लिंथ, म्हणजे जोत्यापर्यंतचं काम, झाली, आमचा इंजिनिअर जाऊन बघून आला, फोटो फाइलला लागला की एक हप्ता. पहिला स्लॅब पडला की पुढचा. एकदा एका माणसाने शेजारच्या बिल्डिंगचे फोटो जोडले होते, गॅलरीत वाळत घातलेल्या परकरावरून पकडला त्याला. आता एका साध्या क्लार्कला तीस लाखांसाठी जेवढं बघावं लागतं तेवढं सरकार कित्येक कोटींच्या मजल्यांसाठी बघत नाही? एफएसआय पैसा आहे असं एकदा कबूल केलं की तो पैशासारखाच द्यायला हवा, हप्त्याहप्त्याने. जुन्यांची बिल्डिंग प्लिंथवर आली की विक्रीचे इतके मजले मोकळे, जुन्यांना ओसी, म्हणजे राहायला जायची परवानगी, मिळाली की उरलेले. आणि घरं रिकामी करायच्या आधी तीन वर्षांचं भाडं वेगळ्या खात्यात, ज्यावर बिल्डरची एकट्याची सही चालत नाही. एनओसीच्या, म्हणजे बोर्डाच्या ना-हरकतीच्या, कागदांत अटी खूप असतात, मी आमची वाचलीय, पण अट मोडली तर पुढे काय हे त्यात एका ओळीतही नाही.

आमच्याकडे काय झालं सांगते, बिल्डरचं नाव लिहीत नाही कारण त्याच्याकडे वकील आहेत आणि माझ्याकडे फक्त फाइल. महिना अठरा हजार भाडं ठरलं, ते जवळजवळ साडेचार वर्षं आलं, म्हणजे तीन वर्षांत घर नाही मिळालं तरी आम्ही गप्पच बसलो. २०१८च्या सप्टेंबरमध्ये ते आयएलअँडएफएसचं प्रकरण झालं, म्हणजे ती मोठी फायनान्स कंपनी कर्जं फेडू शकली नाही, फायनान्स कंपन्यांनी बिल्डरांना कर्ज देणं आखडतं घेतलं, आणि नोव्हेंबरचा चेक परत आला. ऑफिसात गेलो तर तिथला मुलगा चहा देऊन म्हणाला, "काकू, मार्केटच डाऊन आहे." मार्केट डाऊन असेल, पण माझं घरभाडं डाऊन झालं नव्हतं ना. रेराकडे, म्हणजे बिल्डरांवर नजर ठेवणाऱ्या प्राधिकरणाकडे, जावं तर कळलं की रेरा नवीन घर विकत घेणाऱ्यांसाठी, आम्ही जुने भाडेकरू त्यात ग्राहक म्हणून बसत नाही. म्हणजे ज्याच्या पायाखालच्या जमिनीवर टॉवर उभा राहणार त्याच्यापेक्षा बाराव्या मजल्याचं बुकिंग करणाऱ्याला कायद्याचा आधार जास्त. २०२२ ला म्हाडाच्या कायद्यात ९१-अ आलं, रखडलेले प्रकल्प म्हाडाने ताब्यात घेऊन पूर्ण करायचे. चांगलं कलम आहे, आमच्यातल्या सोळा जणांनी सह्या करून अर्जही दिलाय. गोरेगावच्या पत्राचाळीच्या ६७२ कुटुंबांचं बिल्डरने रखडवलेलं कामही शेवटी म्हाडालाच अंगावर घ्यावं लागलं, पण तोवर त्यातली किती म्हातारी माणसं भाड्याच्या घरात गेली त्याचा हिशोब कोणी ठेवलाय का?

उलट वरळीच्या बीडीडी चाळींत १४ ऑगस्ट २०२५ ला ५५६ कुटुंबांना चाव्या मिळाल्या, १६० फुटाच्या खोलीतून ५०० फुटाचं घर. वेळ तिथेही लागला, पण जमीन सरकारी, मधे म्हाडा, टेंडर काढून नेमलेला कॉन्ट्रॅक्टर. माझे दीर म्हणतात बघ, सरकारने मनावर घेतलं की होतं. मी म्हणते भाऊजी, तिथे मालक सरकारच होतं, आपल्या चारशे मीटरसाठी कोण मनावर घेणार. त्यांचं मत असं की बिल्डरला हवं ते द्या, सहा एफएसआय द्या, दहा द्या, आपल्याला घर मिळाल्याशी मतलब. त्र्याहत्तर वय आहे त्यांचं, मी वाद घालत नाही.

गणपतीला दरवर्षी वाडीत जाते. गेल्या वेळी पत्र्याच्या आत डोकावले. पत्र्यावर टॉवरचं चित्र आहे, स्विमिंग पूल वगैरे, त्यातली निळाई उडून पांढरी झालीय आणि पूलवर कोणीतरी दहावीच्या क्लासची जाहिरात चिकटवलीय. आत खड्डा, खड्ड्यात पाणी, कडेला वॉचमनने अळू लावलंय, साधारण आमच्या मोरीच्या जागी. अळू मात्र सुंदर आलंय. मी सांगितलं इथे माझं घर होतं, तर त्याने एक जुडी कापून दिली, पैसे घेईना. घरी येऊन फदफदं केलं.

सासूबाईंना हे सांगायचं राहिलं, त्या २०१९ ला गेल्या.

पत्र छापताना जागा नसेल तर अळूचं काढा, पण हप्त्याहप्त्याने एफएसआय द्यायचं ते कृपया कापू नका. आणि उत्तरादाखल कोणी काही लिहिलं तर या पत्त्यावर महिनाअखेरपर्यंतच पाठवा, अकरा महिन्यांचा करार संपतोय, घरमालकाला दोन हजार वाढवून हवेत, जमेलसं वाटत नाही. पाचवा पत्ता कळवीन.

आपली,
एक गिरगावकर
(सध्या मुक्काम डोंबिवली पूर्व)