गॅलरीला तिरपे पाइप आहेत का, ते आधी पाहा

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

कबड्डीचे सामने, कुस्त्यांची मैदाने, बैलगाडा शर्यती यांचा हंगाम आला की गावोगाव पाइप-फळ्यांच्या गॅलऱ्या उभ्या राहतात. मार्च 2021 मध्ये तेलंगणातल्या सूर्यापेटला ज्युनिअर राष्ट्रीय कबड्डी स्पर्धेत अशीच गॅलरी कोसळून शंभरावर प्रेक्षक जखमी झाले. पुढच्या वर्षी मार्चमध्येच केरळच्या मलप्पुरम जिल्ह्यात फुटबॉल सामन्याची गॅलरी बसली. अशा वेळी 'क्षमतेपेक्षा जास्त गर्दी' एवढे कारण सांगून विषय मिटतो. गर्दी असतेच, पण तिच्या वजनाइतकेच तिचे हलणे घातक असते. उभा भार बऱ्यापैकी पेलणारी गॅलरीसुद्धा आडव्या जोराने कोलमडू शकते, आणि त्या जोराचा विचार उभारताना क्वचितच होतो.

10 पायऱ्यांची, 20 मीटर लांबीची गॅलरी घ्या. माणशी 45 सेंटिमीटर जागा धरली तर एका पायरीवर 44, म्हणजे एकूण 440 माणसे. सरासरी 70 किलोने त्यांचे वजन सुमारे 31 टन. आता आडवा जोर पाहा. आयएस 875 या भारतीय मानकाच्या दुसऱ्या भागानुसार प्रेक्षक गॅलरीच्या आसनांवर रांगेच्या दिशेने दर मीटरला 0.35 किलोन्यूटन, आणि रांगेला काटकोनात 0.15 किलोन्यूटन आडवा जोर धरावा लागतो. आपल्या गॅलरीत 200 मीटर आसने आहेत. रांगेच्या दिशेचा जोर झाला 70 किलोन्यूटन, म्हणजे साधारण सात टन!

हा जोर कुठून येतो ते कबड्डीच्या मैदानावर उघड दिसते. चढाईपटू कोपऱ्याकडे गेला की अख्खी रांग एकाच वेळी त्या बाजूला कलते आणि तो परतला की उलट बाजूला. त्यात टाळ्यांच्या ठेक्यावर पाय आपटले जातात, सेकंदाला साधारण दोन वेळा. गॅलरीचा स्वतःचा झोका त्या ठेक्याच्या जवळपास असेल तर प्रत्येक ठेक्यागणिक तो वाढत जातो. नुसत्या उभ्या-आडव्या पाइपांचा चौकोन अशा वेळी तिरका होतो, सांधे फिरतात आणि सगळे खांब एकाच दिशेला आडवे पडतात.

त्यावर उपाय एकच, तिरपे पाइप, ज्याला मंडपवाले क्रॉस म्हणतात. ते तळापासून माथ्यापर्यंत अखंड गेले पाहिजेत आणि दोन्ही दिशांना हवेत. मागच्या बाजूला चार क्रॉस मारून काम झाले असे समजतात, ते चूक आहे. दोन्ही टोकांचे गाळे (म्हणजे दोन खांबांमधली जागा) आणि मधला दर चौथा गाळा क्रॉसने बांधलेला असावा. तिरप्या पाइपाला काटकोनी क्लॅम्प (दोन पाइप जोडणारी पकड) बसत नाही, तिथे हव्या त्या कोनात वळणारा फिरता क्लॅम्पच लागतो. क्लॅम्प संपले म्हणून तारेने बांधलेला क्रॉस म्हणजे क्रॉस नसल्यासारखाच. आणखी एक गोष्ट जवळजवळ सगळीकडे घडते: गॅलरीखालून ये-जा करायला, जनरेटर किंवा चहाचा ठेला लावायला आड येणारा तिरपा पाइप कोणीतरी सोडतो. गॅलरीखालची जागा पहिल्या दिवसापासून दोरी लावून बंद ठेवा.

पायाची कथा वेगळी. दीड मीटर अंतरावर खांब असतील तर एकेका खांबावर एक टनाहून अधिक भार धरावा लागतो, कारण आसने पक्की बसवलेली नसतील तर हेच मानक चौरस मीटरला 5 किलोन्यूटन भार सांगते. खांबाखालची लोखंडी बेस प्लेट जेमतेम 15 सेंटिमीटर चौरस. कबड्डीच्या मैदानावर पाणी मारून रूळ फिरवतात, ते पाणी कडेला झिरपते आणि प्लेट ओल्या काळ्या मातीत रुतते. एक खांब दोन बोटे खचला तरी त्याचा भार शेजारच्यांवर जातो. प्लेटखाली निदान 22 सेंटिमीटर रुंद, दोन खांबांना पुरेल इतकी लांब जाड फळी घाला. विटांचे तुकडे आणि दगड नकोत, ते निसटतात.

प्रायोजकांचे फ्लेक्स मागच्या बाजूला ताणून बांधले की गॅलरीला शीड लागते. ताशी 54 किलोमीटर वाऱ्यात 20 मीटर लांब, 4 मीटर उंच फ्लेक्सवर टनाहून अधिक दाब येतो, आणि अवकाळीच्या वावटळीत एवढा वारा काही विशेष नाही. फ्लेक्स वेगळ्या खांबांवर बांधा.

प्रशासनाकडे आमची मागणी आहे की परवानगीच्या अर्जासोबत, म्हणजे उभारणीच्याही आधी, दिलेला स्थैर्याचा दाखला पुरेसा मानू नये. अभियंत्याने गॅलरी पूर्ण उभी झाल्यावर खाली शिरून प्रत्येक क्रॉस आणि क्लॅम्प पाहावा, आसनसंख्या दारावर फलक लावून जाहीर करावी आणि तेवढेच प्रेक्षक आत सोडावेत. स्पर्धा तीन-चार दिवसांची असेल तर रोज सकाळी नट पुन्हा आवळावेत, कारण आदल्या रात्रीच्या हादऱ्यांनी ते सैल होतात. वरच्या पाइपाला ओळंबा सोडून जमिनीवर खूण करावी. खुणेपासून ओळंबा सरकला तर त्या दिवशी गॅलरी बंद. शक्य तिथे गॅलरीच टाळावी. कोल्हापूरचे खासबाग मैदान शाहू महाराजांनी उभारले, तिथे हजारो लोक उतारावर बसून कुस्ती पाहतात. गावच्या मैदानालाही मातीचा बांध घालून पायऱ्या काढता येतात.

सामना चालू असताना गॅलरी करकरू लागली किंवा झुलताना दिसली, तर निवेदकाने 'पळा' म्हणू नये. आधी खेळ थांबवून सगळ्यांना बसायला सांगावे, म्हणजे झोका मंदावतो. मग सर्वांत खालची रांग, तिच्यामागची, अशा क्रमाने स्वयंसेवकांनी गॅलरी रिकामी करावी. वरची माणसे आधी उठली तर सगळा भार उतरण्याच्या वाटेवर साचतो.

आपले,
स्थापत्य अभियंते व मंडप व्यावसायिक, सातारा