हिडकलच्या काठावर आम्हाला अडवणाऱ्या मामांना

आदरणीय मामा,
सादर नमस्कार.

गेल्या मे महिन्यात हिडकल धरणावर गळ टाकायला आलेले बेळगावचे सहाजण आपल्याला आठवत असतील. आम्ही खासबाग-वडगावचे, चौघे मागावर बसणारे विणकर आणि दोघे उद्यमबागेतल्या फाउंड्रीत काम करणारे. निघताना आपण म्हणाला होतात की मराठी बोलता येते, पण वाचता येत नाही. म्हणून हे पत्र आपल्या नातीने आपल्याला मोठ्याने वाचून दाखवावे, अशी तिला विनंती आहे. ते सर्वांसमोर लिहीत आहे, कारण आपल्याला लावलेला बोलही चारचौघांत लावला होता, आणि बेळगाव, संकेश्वर, निपाणी, गडहिंग्लजकडून दर उन्हाळ्यात आमच्यासारखे जे गट पाण्यावर जातात, त्यांनीही हे वाचावे असे मनापासून वाटते.

घटप्रभेवरचे हे धरण 51 टीएमसीचे, म्हणजे 51 अब्ज घनफूट पाण्याचे. उन्हाळ्यात पाणी फार उतरले की एरवी बुडालेले हुन्नूरचे विठ्ठल मंदिर उघडे पडते, हे आम्ही लहानपणापासून ऐकत आलो होतो. त्यामुळे जिथे पाणी नाही तिथे जमीन आहे, असे धरून आम्ही सरळ उतारावरून पाण्याकडे निघालो होतो. आपण लांबून हाक मारलीत, जवळ आलात आणि हातातली काठी त्या भेगाळलेल्या मातीत रोवून दाखवलीत. वरचा पापुद्रा वाळलेला आणि खाली हातभर गाळ! पाण्याखाली गेलेल्या शेतांतल्या विहिरी अजून तशाच आहेत, गाळाने पुरत्या भरलेल्याही नाहीत, हे त्या दिवशी आम्हाला पहिल्यांदा कळले. मग आपण खडकाळ अंगाची जागा दाखवलीत, जलाशयातली मासेमारी परवान्यावर चालते हे समजावून सांगितलेत आणि ‘गळ टाका, जाळं नको’ असे म्हणून आम्हाला बसू दिलेत.

सकाळी दोन कटले आणि एक बरा रोहू लागला. बोटभर लांबीची पिल्ले आपण आमच्याकडून परत पाण्यात सोडवून घेतलीत. कटला-रोहू साचलेल्या पाण्यात अंडी घालत नाहीत, त्यांना पावसाळ्यातले वाहते पाणी लागते, म्हणून धरणात बीज, म्हणजे माशांची लहान पिल्ले, आणून सोडावे लागते. ते वाढेपर्यंत थांबायचे असते, असे आपण सांगितलेत. ज्याचे पोट या पाण्यावर आहे तोच इतका थांबू शकतो, हे आम्हाला फार मोठे वाटले.

दहाच्या सुमारास आमच्यातल्या एकाच्या अंगठ्यात गळ रुतला. गळाच्या टोकामागे उलटा काटा असतो, त्यामुळे तो आला तसा मागे ओढला तर मांस फाटते. आम्ही नेमके तेच करायला निघालो होतो. आपण त्याचा हात स्वतःच्या गुडघ्यावर ठेवलात, गळाच्या वाकणातून दुहेरी दोरा घेतलात, गळाचा दांडा बोटाने खाली दाबून धरलात आणि त्याला गावाचे नाव विचारता विचारता एका हिसक्यात गळ बाहेर काढलात. रक्त आले ते दोन थेंब. आमचे सारे आयुष्य दोऱ्याशी बांधलेले आहे, पण दोऱ्याचा असा उपयोग आम्ही कधी पाहिला नव्हता. धनुर्वाताचे इंजेक्शन आजच घ्यायचे, असे आपण दोनदा बजावलेत आणि ते त्याने त्याच संध्याकाळी घेतले.

हे सगळे आभार मानण्याजोगेच आहे; पण मी पत्र लिहायला बसलो तो दुपारच्या प्रसंगासाठी. तीनच्या सुमारास गळाला काही लागेना, म्हणून आम्ही आपल्या गोल नावेतून, ज्याला आपण हरिगोल म्हणता त्यातून, आत नेण्याचा आग्रह धरला. आकाश डोक्यावर निरभ्र होते. पाणी तर आरशासारखे होते. आपण पूर्वेकडे पाहिलेत आणि ‘होगब्याड्री, गाळी ऐति’ एवढेच म्हणालात. मग आमचे चेहरे पाहून ‘वारं हाय, जाऊ नका’ असे मराठीत सांगितलेत. आम्ही पैसे वाढवले. आपण मान हलवलीत. तेव्हा आमच्यातला एकजण, आणि तो मीच, ‘भाव वाढवायला हे चालले आहे’ असे आपल्या तोंडावर बोललो. आपण उत्तर दिले नाहीत. वल्हे उचलून खांद्यावर टाकलेत आणि घराकडे चालू लागलात. वल्ह्याशिवाय नाव नेता येत नाही, म्हणून आम्ही धुसफुसत मागे आलो.

पाऊण तासही झाला नसेल. आधी वारा पूर्ण पडला आणि जीव घुसमटेल असा उकाडा झाला. मग पूर्वेकडून काळा ढग चढला आणि पावसाच्या आधी गार वाऱ्याचा लोट आला. वळिवाच्या ढगातून थंड हवा खाली कोसळते आणि जमिनीला लागून चहूकडे पसरते, म्हणून पावसाचा थेंब पडण्याआधीच वादळ अंगावर येते. रानात त्याला झाडे अडवतात, उघड्या जलाशयावर अडवायला काहीच नसते. आरशासारखे पाणी बघता बघता पांढरे झाले. काठावर उपडी घातलेली ती हरिगोल वाऱ्याने उचलली आणि घरंगळत नेऊन बाभळीत अडकवली. आम्ही सहाजण आपल्या पडवीतून ते पाहत होतो. आमच्यापैकी पोहता येते ते फक्त दोघांना. त्याआधी बाहेर एकट्या चिंचेखाली आडोशाला पळालेल्या आमच्या सोबत्याला आपण विजांच्या कडकडाटात स्वतः जाऊन हाताला धरून आत आणलेत, हेही मला विसरता येणार नाही.

मावशींनी गुळाचा चहा केला, आम्हीच पकडलेल्या कटल्याचे कालवण केले आणि ज्वारीच्या भाकरी वाढल्या. जेवताना आपण माझ्या बोलण्याचा उल्लेखसुद्धा केला नाहीत. निघताना आम्ही पैसे पुढे केले, तर ‘नावेत बसलाच नाही, कशाचं पैसं?’ म्हणालात.

मामा, त्या बोलण्याबद्दल मी आपली क्षमा मागतो. त्या दिवशी पडवीतच मागायला हवी होती. जीभ रेटली नाही. आपल्या ‘नाही’मुळे सहा घरांत त्या रात्री नेहमीसारखी जेवणे झाली. माझी धाकटी मुलगी तेव्हा चार महिन्यांची होती. आपले आभार मानायला माझ्याकडे याहून मोठे शब्द नाहीत.

दिवाळीनंतर सुट्टी जुळवून आम्ही पुन्हा येणार आहोत. येताना सहा लाइफ जॅकेट आणतो. ती आपल्याकडेच ठेवा, म्हणजे आमच्यामागून येणाऱ्यांनाही उपयोगी पडतील. मावशींसाठी आमच्या मागावरचे एक लुगडे विणायला घेतले आहे. काठ कोणत्या रंगाचा हवा, ते तेवढे नातीकडून कळवावे.

मावशींना नमस्कार, नातीला आशीर्वाद.

आपला नम्र,
खासबागचा एक विणकर, पाचही सोबत्यांसह