अण्णा, बैठकीत एवढं बोला

विनिपेग, कॅनडा

तीर्थरूप अण्णांना,
साष्टांग नमस्कार.

ऊसतोडीच्या टोळ्या कराडात उतरल्या आणि पालावरची पोरं वसतिगृहात ठेवायचं मंडळींनी मनावर घेतलंय, असं तुम्ही फोनवर म्हणालात. आईबाप नाही म्हणाले तरी पोरं आणायची, असंही कुणी बोललं म्हणे. ते ऐकल्यापासून मला चैन नाही. बैठकीत तुमच्या शब्दाला मान आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

मी काम करते त्या केंद्रात सरकारने ताब्यात घेतलेली मुलं घरच्यांना भेटायला येतात. क्री या इथल्या आदिवासी जमातीची एक आजी लांबून बसने येते. पिशवीत फॉइलमध्ये गुंडाळलेला बॅनक असतो, त्यांचा जाडसर पाव. ती क्रीमध्ये विचारते, नातू इंग्रजीत उत्तर देतो. कोपऱ्यात आमच्यातली एकजण वहीत टिपत बसते: काय खायला दिलं, कितीदा जवळ घेतलं, आवाज चढला का. स्वतःच्या नातवाला भरवताना त्या बाईला परीक्षेला बसल्यासारखं बसावं लागतं. तिच्या घरात खोल्या कमी, माणसं जास्त, एवढ्यावरून नातू नेला. पोराला कुणी मारलं नव्हतं, उपाशीही ठेवलं नव्हतं.

ही एकटीची गोष्ट नाही. आमच्या मॅनिटोबा प्रांतात ताब्यातल्या मुलांपैकी जवळपास ९० टक्के आदिवासी आहेत. २०२१ च्या जनगणनेत देशभरातल्या चौदा वर्षांपर्यंतच्या मुलांत आदिवासी होती ७.७ टक्के, आणि सरकारने परक्या घरी ठेवलेल्या मुलांत ५३.८ टक्के. याआधी शंभरावर वर्षं आदिवासी पोरांसाठी निवासी शाळा चालल्या. दीड लाखावर पोरं तिथे नेली, त्यांचे केस कापले, घरची भाषा बोलली की मार. तेही पोरांच्या भल्यासाठीच, असं सांगितलं जायचं.

पुढे पैशाची मेखही तशीच राहिली. मूल काढून नेलं की खर्चाला सरकारी पैसा मिळायचा, पण ते घरातच राहावं म्हणून कुटुंबाला हात द्यायला तुटपुंजा. सिंडी ब्लॅकस्टॉक या गिटक्सन जमातीच्या बाईंची संस्था २००७ पासून याविरुद्ध भांडली. २०१६ मध्ये मानवी हक्क न्यायाधिकरणाने निकाल दिला की हा भेदभाव आहे. सरकारला २३ अब्ज डॉलरहून जास्त भरपाई कबूल करावी लागली. २०२० पासून लागू झालेला कायदा सांगतो की नुसत्या गरिबीपायी किंवा धड घर नाही म्हणून आदिवासी मूल काढायचं नाही. काढावंच लागलं तर आधी नातेवाईक, मग जमातीतलं घर. २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो उचलून धरला. पण त्या आजीचा नातू अजून परक्या घरीच आहे.

आपला २०१५ चा बालन्याय कायदाही संस्थेत ठेवणं हा शेवटचा उपाय मानतो. हे मंडळींना ठणकावून सांगा. कुणी कर्मवीरांचं नाव पुढे करेल. भाऊराव अण्णांनी १९२४ मध्ये साताऱ्यात वसतिगृह काढलं, त्यासाठी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने दिले, हे आपण अभिमानानेच सांगतो. पण तिथे आईबापांनी विश्वासाने पोरं पाठवली. पालावरून उचलून आणणं वेगळं. फासेपारध्यांना विचारा. १८७१ च्या कायद्याने जमातीच्या जमाती गुन्हेगार ठरवल्या, नंतर त्यांची पोरं आईबापांपासून तोडायचीही सोय केली. १९५२ मध्ये कायदा गेला, पण पोलीस दिसला की पोरं लपवणारी आई अजून आहे.

पोरं शिकायला हवीत, यात दुमत नाही. पण पालावरची दहा वर्षांची पोरगी शाळेत का जात नाही? आई फडात, आणि धाकटं बाळ हिच्या कडेवर. हिला वसतिगृहात नेलंत तर बाळ कुणी बघायचं? उन्हात बांधावर ठेवायचं का? म्हणून आधी फडाजवळ पाळणाघर मागा. साखरशाळा, म्हणजे ऊसतोड्यांच्या पोरांसाठी हंगामापुरती शाळा, चालवायला कारखान्याच्या मागे लागा. जवळच्या जिल्हा परिषद शाळेत पोरांची नावं घाला. ज्यांचे आजी-आजोबा बीडकडे गावी आहेत, त्यांच्यासाठी तिकडे हंगामी वसतिगृहाची सोय आहे का, ते मुकादमाला विचारा. यातलं काहीच जमलं नाही आणि आईबाप स्वतः हो म्हणाले, तरच वसतिगृह.

आणि बैठकीआधी पालावर जाऊन या. संध्याकाळी, चुली पेटल्यावर. आईला बरोबर न्या, बायका तिच्याशी मोकळं बोलतील. काय म्हणाल्या ते मला कळवा.

तुमची लेक