पोस्टर एका सिनेमाचं, टीझर दुसऱ्याचं

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मागच्या आठवड्यात तुमच्या पुरवणीत कॉलेजच्या पोरांच्या शॉर्टफिल्मवर लिहून आलं होतं. कॅमेरा, एडिटिंग, अ‍ॅक्टिंग सगळ्याबद्दल होतं पण पोस्टर आणि टीझरबद्दल एक ओळ पण नव्हती, म्हणून लिहितोय. मी कोल्हापुरात डीटीपी आणि फ्लेक्स डिझाइनचं काम करतो, वीस वर्षं होत आली. परीक्षा जवळ आल्या की मास मीडियाची पोरं दुकानात येतात आणि बहुतेक जण एकच वाक्य बोलतात, "काका, उद्या सबमिशन आहे."

यंदा एक ग्रुप आला होता, थ्रिलर केलेली. एका लॉजच्या रजिस्टरमध्ये एक नाव लाल पेनानं खोडलेलंय आणि ते कुणी खोडलं यावर सगळी गोष्ट, अकरा मिनिटांची. मी मोबाइलवर पूर्ण बघितली, खरंच चांगली होती. पण पोस्टरवर काय तर रक्तानं माखलेला सुरा! अख्ख्या फिल्ममध्ये सुरा कुठंच नाहीये. टीझर हिरवट रंगाचा, त्यात फिल्मचं नाव इंग्रजी अक्षरात, आणि यूट्यूबच्या थंबनेलवर, म्हणजे व्हिडिओ उघडण्याआधी दिसतं त्या छोट्या चित्रावर, हिरॉइनचा हसरा फोटो. वर दिग्दर्शक पोराचं आडनाव पोस्टरवर एक आणि टीझरमध्ये वेगळंच लिहिलेलं. तिन्ही गोष्टी शेजारी ठेवल्या तर तीन वेगवेगळे सिनेमे वाटतील. पोरांची चूक म्हणत नाही मी, एकानं पोस्टर केलं, दुसऱ्यानं टीझर कापला, तिसऱ्यानं अपलोड केलं आणि आधी एकत्र बसून कुणी काही ठरवलंच नव्हतं.

मी त्यांना म्हटलं, अरे तुमच्याकडं ती लाल रेघ आहे की, अजून काय पाहिजे! आपल्या देवनागरीला शिरोरेषा असते, अक्षरांवरची आडवी रेघ, ती इंग्रजीला नाही. मग फिल्मच्या नावाची शिरोरेषाच काढून टाकली आणि तिथं पेनानं ओढल्यासारखी थोडी वाकडी लाल रेघ घेतली, शेवटच्या अक्षराच्या जरा पुढं गेलेली. पोस्टरवर रजिस्टरचं पान आणि ती रेघ. टीझरच्या शेवटी तीच रेघ ओढली जाते, पेनाचा आवाज येतो, नाव दिसतं, संपलं. थंबनेल फोनवर अंगठ्याएवढं दिसतं म्हणून तिथं फक्त नाव आणि रेघ. आणखी एक, टीझरमध्ये खोडणाऱ्या माणसाच्या हातातलं घड्याळ दिसत होतं, म्हणजे सगळं रहस्य तिथंच फुटत होतं, तो शॉट काढायला लावला. भीती दाखवा, उत्तर दाखवू नका, थ्रिलरच्या पब्लिसिटीत एवढं सांभाळलं तरी खूप झालं.

हे काही माझ्या डोक्यातून आलेलं नाही. 1959 साली अमेरिकेत सॉल बास या डिझायनरनं 'अ‍ॅनाटॉमी ऑफ अ मर्डर'साठी कागद कापून केल्यासारखी तुकड्यातुकड्यांची एक माणसाची आकृती केली, तीच पोस्टरवर, तीच सिनेमाच्या टायटल्समध्ये, तीच संगीताच्या रेकॉर्डच्या कव्हरवर. आणि लांब कशाला जायचं, आपल्या कोल्हापूरचे बाबूराव पेंटर! नाटकाचे पडदे रंगवणारा माणूस, स्वतः सिनेमे काढले आणि पोस्टर पण स्वतः रंगवली, 1924 च्या 'कल्याण खजिना'चं पोस्टर आजही अभ्यासलं जातं. पडद्यावरचं चित्र आणि भिंतीवरचं चित्र एकाच डोक्यातून आलं की मेळ आपोआप बसतो. त्यांच्या गावातल्या कॉलेजात पोस्टर हे शेवटच्या रात्रीचं काम असावं याचं मला मनापासून वाईट वाटतं.

आता रोज अडतं ते सांगतो. पोरं व्हिडिओचा स्क्रीनशॉट काढून व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवतात आणि म्हणतात यातून मोठं पोस्टर करा. फुल एचडीची फ्रेम 1920 बाय 1080 पिक्सेलची, 300 डीपीआयला, म्हणजे इंचाला 300 ठिपके धरून, छापली तर जेमतेम साडेसहा इंच रुंद होते, ए थ्री कागदच साडेसोळा इंच लांब आहे, फोटो फाटणारच. म्हणून शूटिंगच्या दिवशीच, तेच कपडे तोच लाइट असताना, कॅमेऱ्यानं वेगळे स्टिल काढून ठेवा आणि पाठवताना डॉक्युमेंट म्हणून पाठवा. दुसरं म्हणजे काळोख. थ्रिलर म्हणून सगळं काळं करतात, स्क्रीनवर भारी दिसतं पण छापल्यावर अंधारातला चेहरा गायबच होतो, तेव्हा आधी एक छोटी प्रिंट काढून बघा. आणि फोटोशॉपच्या जुन्या व्हर्जनमध्ये मराठी टाइप केल्यावर वेलांटी भलतीकडं जाते, जोडाक्षरं सुटी होतात, तिथं प्रेफरन्सेसच्या टाइपमध्ये वर्ल्ड रेडी लेआउट नावाची सेटिंग निवडावी लागते. एवढं माहीत नसल्यामुळं कितीतरी पोरं मराठी फिल्मचं नाव नाइलाजानं इंग्रजीत टाकतात! मुक्ता, बालू असे चांगले युनिकोड फॉन्ट फुकट मिळतात, एक निवडा आणि सगळीकडं तोच वापरा.

कॉलेजच्या सर-मॅडमना माझी विनंती आहे की पोस्टर, टीझर, थंबनेल यांना वेगवेगळे मार्क देऊ नका, तिन्ही टेबलावर शेजारी ठेवून एकत्र मार्क द्या. आणि स्क्रिप्ट पास करतानाच पोरांकडून एक कागद लिहून घ्या, फॉन्ट कुठला, रंगांचे नंबर काय, नावांची स्पेलिंग काय, आणि फिल्ममधली कुठली एक वस्तू सगळीकडं दिसणार. अर्ध्या तासाचं काम आहे. तुम्हालाही विनंती, पुरवणीत महिन्यातून एकदा तरी विद्यार्थ्यांच्या फिल्मचं एक पोस्टर छापा, ते करणाऱ्या पोराच्या किंवा पोरीच्या नावासकट.

आपला,
एक वाचक, कोल्हापूर