मंत्रीसाहेब, भिंतीवरच्या त्या बाईंचं नाव लिहून घ्या

मा. सांस्कृतिक कार्य मंत्री, महाराष्ट्र राज्य,

साहेब, नमस्कार. किल्ल्यांबद्दल तुम्हाला रोज पत्रं येत असतील, माझा विषय जरा वेगळाय. जुन्या सरदार-जहागीरदारांच्या वाड्यांत, दिवाणखान्यात जी तैलचित्रं टांगलेली असतात ना, त्यातल्या बायकांचा.

मध्यंतरी असंच एक बघितलं. भरजरी नऊवारी, कपाळावर चंद्रकोर, हातात मिटलेला पंखा. लांबून नथ अगदी खरी वाटते, जवळ गेलं की कळतं एकेक मोती म्हणजे पांढऱ्या रंगाचा जाड ठिपका आणि त्याच्या कडेला बारीक करडी रेघ, बास. त्यातले दोन मोती उडालेत, आतलं कापड दिसतंय. समोर ट्यूबलाईट अशी मारलीय की चेहऱ्यावर नुसती चकाकी. आणि पाटीवर काय, तर 'श्रीमंत अमुक यांच्या पत्नी'. शेजारच्या बंदुकीच्या पाटीवर मात्र बनवणाऱ्या कंपनीचं नाव आहे! घरातल्या वयस्कर आजींना विचारलं तर त्यांनी माहेरच्या आडनावासकट सगळं घडाघडा सांगितलं, आजवर कुणी लिहून घेतलं नव्हतं एवढंच.

आता म्हणाल नावाने काय होतं. बडोद्याचं बघा, सयाजीराव महाराजांच्या दोन्ही राण्यांना लग्नानंतर चिमणाबाई हेच नाव मिळालं. पहिल्या मूळच्या लक्ष्मीबाई, तंजावरच्या, त्या १८८५ मध्ये गेल्या, दुसऱ्या देवासच्या घाटगे घराण्यातल्या गजराबाई. म्हणजे पाटीवर नुसतं 'महाराणी चिमणाबाई' लिहिलं तर कुठल्या? तिथे निदान कागदपत्रं आहेत, गावोगावच्या वाड्यांत ते पण नाही.

कायदा नाही असंही नाही. १९७२ च्या अँटिक्विटीज अँड आर्ट ट्रेझर्स (म्हणजे पुरावस्तू आणि कलाठेव्यांच्या) कायद्याखाली शंभर वर्षांवरच्या चित्राची नोंदणी मालकाने करायची असते, आणि राजा रविवर्म्याचं चित्र असेल तर ते विकायला देशाबाहेर नेताच येत नाही. पण लोक घाबरतात हो, नोंदणी केली की सरकार उचलून नेईल असं वाटतं. नोंदणीने मालकी जात नाही हे त्यांना घरी जाऊन समजावणारं कुणीच नाही.

बरं, काळजी घेणारेही प्रेमाने वाट लावतात. दिवाळीला ओल्या फडक्याने पुसणार, मग चमक यावी म्हणून वर तेलाचा हात. पाणी आत गेलं की कापडावरचा सरसाचा थर फुगून सैल होतो, कापड आकसतं आणि रंगाचे पापुद्रे सुटतात, तेलाने चित्र पुढे काळवंडत जातं. चित्र ओलीच्या भिंतीला थेट चिकटवू नका, मागे बुचाचे तुकडे लावून हवा खेळू द्या, वर उन्हाची तिरीप येऊ देऊ नका, एवढं सांगितलं तरी अर्धं काम होतं, याला कसलाही निधी लागत नाही. उडालेला रंग बसवायचं काम मात्र जाणकाराचंच, गावातल्या पेंटरला देऊ नये.

म्हणून मागणी साधी आहे. पुरातत्व आणि वस्तुसंग्रहालये संचालनालय तुमच्याच खात्यात आहे. तिथून एक कॉन्झर्व्हेटर, म्हणजे जुनी चित्रं जपणारा-दुरुस्त करणारा जाणकार, आणि एक नोंदी घेणारा माणूस अशी जोडी वाड्या-वाड्यांत पाठवा. चित्राचा पुढून-मागून फोटो, चित्रकाराची सही, बाईंचं माहेरचं-सासरचं नाव, सांगणाऱ्याचं नाव, झालं. मोठं म्युझियम नंतर बांधा, आधी हे करा कारण सांगणाऱ्या आजी ऐंशीच्या पुढे आहेत. पहिला जिल्हा कुठला घेताय तेवढं जाहीर करा, तिथल्या वाडेवाल्यांना तयार करायला आमच्यासारखे लोक आहेत.

आपला,
एक जुनी चित्रं बघत हिंडणारा