रिव्हनची चौथी सीडी

चरई, ठाणे
१४ जून

प्रिय मित्रा,

आपल्या त्या कॉम्प्युटर गेमची, रिव्हनची, चौथी सीडी तुझ्याकडे आहे. आधी ती शोध, मग पुढचं पत्र वाच.

नौपाड्यातली आमची बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला गेली, हे आईने काकूंना कळवलं असेलच. मे महिन्यात घर रिकामं केलं, आता नवी इमारत होईपर्यंत चरईत भाड्याने आहोत. माळा उतरवताना पितळेच्या डब्यांमागे बिस्किटांचा पत्र्याचा मोठा डबा सापडला. त्यात आपले जुने गेम: मिस्ट होता, मंकी आयलंड होता, मिस्टचा पुढचा भाग म्हणजे रिव्हनच्या पाचांपैकी चार सीड्या होत्या आणि खाली आपली दोनशे पानी वही. चौथ्या सीडीच्या जागी तुझ्या अक्षरात चिठ्ठी: ‘४ माझ्याकडे. सोमवारी आणतो.’ त्या सोमवारी तुम्ही नाशिकला गेलात, बाबांच्या बदलीवर. दहावीच्या सुट्टीतला, १९९८ चा जून. मी ती चिठ्ठी हातात धरून माळ्याच्या शिडीवरच बसलो. खालून मजूर विचारत होते, साहेब, पुढचं सामान देताय ना?

गेले तीन आठवडे रात्री हेच करतोय. सगळं तुला सांगायचं आहे, कारण हे दुसऱ्या कुणाला सांगून उपयोग नाही.

लॅपटॉपला सीडीचा ड्राइव्हच नाही, म्हणून यूएसबीला जोडायचा बाहेरचा ड्राइव्ह आणला. मिस्ट घातला, तबकडी घरघरली, आयकॉन दिसला आणि डबल-क्लिक केल्यावर विंडोजने सरळ सांगितलं की हे ॲप या पीसीवर चालणार नाही. कंपॅटिबिलिटी मोड वगैरे सगळं करून पाहिलं, काही हललं नाही. नंतर कारण समजलं. मिस्टचा विंडोजवरचा मूळ प्रोग्राम विंडोज ३.१ च्या काळातला, १६-बिटचा. आताच्या ६४-बिटच्या विंडोजमध्ये १६-बिट प्रोग्राम चालवणारा भागच ठेवलेला नाही. त्यामुळे कुठली सेटिंग बदलून हे जमणार नव्हतं.

मला आजोबांच्या जमिनीच्या कागदांची आठवण झाली. तुला आठवतात ना ते मोडीतले कागद? कागद धडधाकट, शाई काळीभोर, पण घरात वाचणारा कुणी नाही. शेवटी बाबांनी मोडी जाणणारे एक गृहस्थ गाठले आणि त्यांनी एका दुपारी सगळं वाचून दिलं. सीडीचं तसंच आहे. चित्रं, आवाज, व्हिडिओ सगळं तिच्यावर जागच्या जागी आहे, ते वाचणारा प्रोग्राम तेवढा गेलाय. आणि जुने गेम चालवणारा ‘स्कमव्हीएम’ नावाचा नवा प्रोग्राम म्हणजे ते मोडी वाचणारे गृहस्थ.

स्कमव्हीएम २००१ मध्ये सुरू झालं, दोघा प्रोग्रामरांनी केलेलं. आधी ते फक्त लुकासआर्ट्सचे जुने ॲडव्हेंचर गेम वाचायचं, म्हणून नावात ‘स्कम’, त्या कंपनीच्या गेम बनवायच्या यंत्रणेचं नाव. पुढे जगभरातल्या लोकांनी त्यात एकेका कंपनीच्या गेमची भाषा घातली. ते जुना प्रोग्राम चालवतच नाही. जुन्या प्रोग्रामचं काम स्वतः नव्याने करतं आणि सीडीवरच्या फायली वाचतं. फायली मात्र आपल्या आपण आणायच्या, ते देत नाही. मला ही अट फार आवडली. डबा जपून ठेवलेल्या माणसाला त्यात किंमत आहे. मोबदल्याची अपेक्षा न ठेवता, दुसऱ्याने तीस वर्षांपूर्वी लिहिलेला प्रोग्राम उलगडत रात्री घालवणाऱ्या या माणसांबद्दल मला मनापासून आदर वाटतो.

मिस्टच्या फायली कॉपी करायला घेतल्या आणि एका व्हिडिओवर गाडी अडली. सीडी ट्यूबलाइटसमोर धरली तर टाचणीच्या टोकाएवढी दोन भोकं, आरपार उजेड. हे नीट ऐक, तुझ्या सीडीसाठी लागेल. खालची चकचकीत बाजू आपण जपतो, पण ती सव्वा मिलिमीटरच्या आसपास जाड प्लॅस्टिकची असते, तिच्यावरचा चरा बरेचदा निभावून जातो. खरी माहिती वरच्या, छापील बाजूच्या अगदी खाली असते, वर नुसता लाखेचा पातळ थर. तिथे नख लागलं तरी चंदेरी थर निघतो, आणि मोठा तुकडा निघाला की संपलं.

भावाच्या जुन्या लॅपटॉपवर लिनक्स आहे, त्यावर खराब सीडीवरून माहिती वाचवणारं ‘डीडीरेस्क्यू’ चालवलं. ते आधी सीडीवरचा चांगला भाग पटापट उचलतं, अवघड जागा सोडून देतं, मग त्या जागांवर पुन्हा पुन्हा येतं. काय मिळालं, काय राहिलं, याचा नकाशा एका फायलीत ठेवतं. त्यामुळे तीच सीडी दुसऱ्या ड्राइव्हमध्ये घालून राहिलेलं तेवढंच वाचता येतं. मी तसंच केलं, ऑफिसातल्या एकाचा जुना ड्राइव्ह मागून आणला. पहिल्याने जे सोडलं होतं ते दुसऱ्याने पहाटे दोनला वाचलं. शेवटचा आकडा शून्यावर आला तेव्हा मी एकटाच स्वयंपाकघरात टाळ्या वाजवल्या.

मंकी आयलंडच्या बाबतीत मात्र चूक माझी झाली. नेहमीसारखी आयएसओ, म्हणजे सीडीची एका फायलीतली नक्कल, बनवली, गेम सुरू झाला, पण संगीत नाही. त्या सीडीवर पहिला ट्रॅक डेटाचा आणि पुढचे ट्रॅक गाण्याच्या सीडीसारखे साधे ऑडिओ. आयएसओमध्ये फक्त डेटा येतो. ऑडिओचे ट्रॅक वेगळे काढून, नावं क्रमाने देऊन त्याच फोल्डरमध्ये ठेवले, तेव्हा ते सुरुवातीचं संगीत वाजलं. तुझ्याकडे अजून काही जुन्या सीड्या असतील तर नुसती आयएसओ काढून मूळ सीडी टाकून देऊ नकोस. बिन आणि क्यू अशा दोन फायलींच्या जोडीने नक्कल काढ, त्यात ऑडिओचे ट्रॅकही येतात.

आणि मग मिस्ट. ते बेट, तो धक्का, पाण्याचा आवाज. चित्र लहान, जुन्या २५६ रंगांतलं, नव्या स्क्रीनवर दाणेदार दिसतं. मी ते गुळगुळीत करणारी सेटिंग बंदच ठेवली. हे सगळं रँड आणि रॉबिन मिलर या भावांनी आपल्या छोट्या चमूबरोबर मॅकवरच्या हायपरकार्ड या प्रोग्राममध्ये बांधलं होतं, १९९३ मध्ये. तेव्हाचा साधा ड्राइव्ह सेकंदाला १५० किलोबाइट वाचायचा, तेवढ्यात सगळं बसवायचं होतं. पुस्तकातून खरखरत बोलणारे ते दोघे भाऊ आठवतात? अखेनार झालाय रँड आणि सिरस झालाय रॉबिन. तू तेव्हाच म्हणाला होतास, हे दोघे खरे भाऊ असणार, एकमेकांबद्दल असं भावंडंच बोलतात.

खेळताना वही शेजारी उघडी होती. मिस्टमधल्या सेलेनिटिक एज या जगातला तो जमिनीखालचा भुलभुलैया, जिथे दिशा फक्त आवाजावरून कळते, त्याचं पान मी किती वेळ बघत बसलो. मी काढलेला नकाशा तिरका, खोडाखोडीचा, तीनदा चुकलेला. त्याच्याखाली तुझं एका ओळीत: ‘तिं, कत्, तिं, धा, धा’. घंटाळीला तबल्याच्या क्लासला जायचास तू, म्हणून प्रत्येक आवाजाला एकेक बोल दिलास. दोन आवाज एकत्र आले की तिरकी दिशा, हेही तूच ओळखलंस, ‘हे दोन बोल एकदम पडतात’ म्हणून. परवा मी नकाशा बाजूला ठेवला आणि तुझी ओळ तोंडाने म्हणत गेलो. एकदाही चुकलो नाही.

रिव्हन आता २०२४ मध्ये नव्याने बांधलेला मिळतो, सगळीकडे मोकळं फिरता येतं. भाचीने मला तो दाखवला, सुंदरच आहे. पण मला जुना हवा आहे. जुन्यात एका चित्रावर थांबावंच लागायचं, आणि थांबलं की बघणं व्हायचं. गेममधल्या शाळेतल्या त्या खेळण्यावरून आपण अख्खी दुपार घालवून आकडे शिकलो, पाच-पाचच्या हिशोबाचे. वहीत त्याची चार पानं आहेत, पंचवीसपर्यंत. शेवटच्या आकड्यापाशी काकूंच्या पोह्यांचा हळदीचा डाग आहे.

आता सीड्या बदलाव्या लागत नाहीत. पाचही सीड्यांच्या फायली एका फोल्डरमध्ये टाकल्या की स्कमव्हीएम त्यातून वाचतं. तेव्हा एका बेटावरून दुसऱ्यावर जाताना ‘अमुक डिस्क घाला’ आलं की तू पुढची सीडी बोटात अंगठीसारखी अडकवून तयार असायचास. बहुतेक चौथीच त्या सोमवारी तशीच बोटात राहिली असेल.

पण चार सीड्यांवर रिव्हन पुरा होत नाही. विकत घेता येतो, हे मला माहीत आहे. दोनशे पानी वही मात्र या सीड्यांची आहे, आणि आपण अर्ध्यावर आहोत.

तर बाबांच्या बदलीचे खोके माळ्यावर असतील तर काढ. सीडी सापडली की छापील बाजूला हात लावू नकोस, कडेने धर. पुसायचीच असेल तर मऊ ओलसर सुती कापडाने मधून बाहेर, सरळ रेषेत पूस. गोल फिरवून पुसू नकोस. तडा असेल तर ड्राइव्हमध्ये घालूच नकोस, आधी मला फोटो पाठव. आणि कुरिअर करू नकोस. शनिवारी सकाळच्या गाडीने मीच नाशिकला येतो, दोन्ही ड्राइव्ह, भावाचा लॅपटॉप आणि वही घेऊन. काकूंना सांग, पोहे करायचे.

तुझाच,
नौपाड्याचा